आमदारांची राखीव सीट

महोदय,

गणपतराव देशमुखांचा विषय निघाला की सगळे त्यांच्या साधेपणावर येऊन थांबतात. एसटीने फिरणारा आमदार! मी एसटीत वाहक होतो, त्यामुळे ते खरंच आहे हे मला कोणी सांगायला नको. 'आमदारांसाठी राखीव' असं लिहिलेल्या सीटवर एरवी कोणाची तरी पिशवी, नाहीतर कडेवरचं पोर. त्या सीटवर खरा आमदार बसलेला मी एवढा एकच पाहिला. पांढरी टोपी, धोतर, आणि शेजारचा माणूस विहिरीचं काही सांगतोय ते मान खाली घालून ऐकणं.

पण नुसत्या साधेपणावर कोणी अकरा वेळा निवडून येत नाही. १९६२ पासून मतदारसंघ सांगोला, पक्ष एकच, शेतकरी कामगार पक्ष म्हणजे शेकाप. राज्यात तो पक्ष आटत गेला तरी गणपतराव, आमचे आबा, हलले नाहीत. मंत्रिपदं आली आणि गेली. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबरच्या आटपाडीच्या पाणी परिषदा, टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्यासाठीचा पाठपुरावा, सूतगिरणी, हे मात्र वर्षानुवर्षं चाललं.

१९९५ ला ते पडले, तेही १९२ मतांनी. आमच्या डेपोत त्या दिवशी चहासुद्धा कोणी धड घेतला नाही. (मी स्वतः त्या दिवशी मुक्कामी गाडीवर होतो, मतदान चुकलं होतं. अजून टोचतं.) १९९९ ला ते पुन्हा निवडून आले.

३० जुलैला पुण्यतिथी असते. त्या दिवशी टोपीच्या फोटोबरोबर पाण्याच्याही चार ओळी छापा.

– एक निवृत्त वाहक, सांगोला