शेवटची शू कधी केली?

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

श्रावणातली ती सकाळ तुमच्या लक्षात नसेल. माझी अकरा महिन्यांची लेक रात्रभर जुलाब होऊन पार मलूल झाली होती, डोळे खोल गेले होते. मी दारातूनच म्हणाले, "आधी सलाईन लावा." तुम्ही तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडलीत, ती कातडी सावकाश पूर्ववत झाली, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं. मग मला विचारलंत, "शेवटची शू कधी केली?" मला सांगता येईना.

सलाईन लागलंच नाही. लिटरभर पाण्यात तुम्ही ओआरएसची अख्खी पुडी विरघळवलीत, माझ्या हाती वाटी-चमचा दिलात आणि मला बाकावर बसवलंत. आठ किलोचं बाळ, म्हणून चार तासांत 600 मिली. मिनिटा-दोन मिनिटांनी एक चमचा. ओकली तर दहा मिनिटं थांबायचं, मग आणखी हळू पाजायचं. माझा हात थरथरत होता. तुम्ही येता-जाता थांबलात आणि सांगितलंत, 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच पाणी पाजून माणसं वाचवली. त्यानंतर मात्र माझा चमचा सांडला नाही. तिसऱ्या तासाला लेकीनं माझ्या मांडीवरच शू केली आणि मी ओपीडीत सगळ्यांसमोर रडले.

सासूबाईंचं म्हणणं, जुलाबात पोट रिकामं ठेवावं. तुम्ही त्यांना एका शब्दानंही दुखावलं नाहीत. "आजी, अंगावरचं दूध चालूच राहू दे, आणि आसट वरणभात तुम्हीच भरवा," म्हणालात. त्यांनी तो भरवलाही, अगदी हौसेनं!

जुलाब दोन दिवसांत थांबले. झिंकच्या गोळ्या मी तिथेच बंद केल्या असत्या, पण तुम्ही चिठ्ठीवर 14 चौकोन आखून दिले होते, रोज एक फुली मारायला. त्याच चिठ्ठीच्या पाठीमागे होतं: शीमध्ये रक्त, काही पीत नाही, गुंगी, सहा तास शू नाही, तर रात्र असली तरी घेऊन या.

ती चिठ्ठी आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. गेल्या आठवड्यात धाकट्या जाऊबाईंच्या बाळाला जुलाब लागले, तेव्हा रात्री तीच वाचून आम्ही दोघी आळीपाळीनं चमचा धरून बसलो. सकाळी तुमच्यापुढे बसून, तुम्ही विचारायच्या आधीच, "पाच वाजता शू केली," असं सांगणारी ती माझी जाऊ.

तुमची ऋणी,
एक आई