आमच्या पत्रांची किल्ली कोणाच्या हातात?

मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री यांस,

महोदय, स.न.वि.वि.

मी नाशिकच्या मखमलाबादचा द्राक्ष बागायतदार. मार्चमध्ये युरोपला एक कंटेनर पाठवला. व्यापाऱ्याने पैसे भरले, पण भलत्याच खात्यात. माझ्याच पत्त्यावरून त्याला मेल गेला होता, 'बँक बदलली आहे.' बिल नंबर माझा, सही माझी, खातं चोराचं. साडेअठरा लाख गेले! अकरा दिवसांनी कळलं. सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर फोन केला तोवर खातं रिकामं.

मेल सेवा देणाऱ्या कंपनीला फोन लावला, तर तिथल्या मुलाने माझा पासवर्ड मलाच वाचून दाखवला. धाकट्या लेकीचं नाव, पुढे जन्मसाल. ऐकून मी खालीच बसलो. त्याला दिसतो, तर आणखी किती जणांना दिसत असेल? वर म्हणतो, 'सर, मेल एन्क्रिप्टेडच जातो.' म्हणजे कुलूप लावून. जातो, वाटेपुरता! त्यांच्या सर्व्हरवर पोचला की उघडा. पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येईल, कुलपाची किल्ली कंपनीकडे राहणार नाही, अशी पीजीपी नावाची सोय १९९१ पासून आहे. जाहिरातीत 'संपूर्ण सुरक्षित' छापणाऱ्यांना ती द्यायला कोणी अडवलं?

सोसायटीचा हप्ता थकला. खरड छाटणीला आलेली टोळी मी हात जोडून परत पाठवली. फवारणीच्या औषधाच्या दुकानासमोरून जाताना मान वर होत नाही.

आणि तुमचं सरकार? २०१५ मध्ये एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा काढला, त्यात नागरिकांनीच संदेशांचा कुलूप नसलेला साधा मजकूर ९० दिवस जपायचा होता. ओरड झाली, मागे घेतला. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात हलगर्जी कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड आहे, पण तो सरकारी तिजोरीत जाणार. आयटी कायद्याच्या कलम ४३ए मध्ये माझ्यासारख्याला भरपाई मागायची सोय, तर ते कलमच वगळण्याची तरतूद याच कायद्यात! लुटला गेलो मी, दंड घेणार तुम्ही. हा कुठला न्याय? ज्याचं जळतं त्याला काही द्यायचं, हे दिल्लीत कोणाच्याच डोक्यात येत नाही का?

पासवर्ड वाचता येईल असा साठवणं बंद करा. किल्ली कोणाकडे असते, हे प्रत्येक कंपनीला मराठीत, ठळक अक्षरात सांगायला लावा. आणि भरपाईचा हक्क आम्हाला मिळू द्या. ऑक्टोबरच्या छाटणीआधी उत्तर हवं.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, मखमलाबाद, नाशिक