लाडबोरीच्या रिंगचं ‘रहस्य’

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी आकाशात दिसलेल्या त्या उजेडावरचा आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात पडलेल्या धातूच्या रिंगवरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला आणि शेवटी ‘रहस्य आजही कायम’ हे वाचून डोकंच सणकलं. कसलं रहस्य राहिलंय अजून? चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा होता तो, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेला. तो त्याच तासाभरात वातावरणात शिरणार होता हे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी तेव्हाच सांगितलं होतं, इस्रोची माणसंही सिंदेवाहीला येऊन रिंग आणि आसपास सापडलेले गोळे बघून गेली. लेखात यातलं एक अक्षर नाही.

त्या दिवशी पाडवा होता, मी मावशीकडे सिंदेवाहीलाच होतो. पावणेआठच्या सुमारास अंगणातून पोरं ओरडली म्हणून बाहेर पळालो. एकामागे एक जळते ठिपके, मागे लांब शेपट्या, आणि सगळे आडवे, सावकाश चाललेले. उल्का असती तर मान वर करेपर्यंत विझली असती हो, इथे मावशी चप्पल घालून बाहेर आली तरी दिसतच होतं! हाच तर पुरावा आहे. उल्का सेकंदाला ११ किमीपेक्षा कमी वेगाने येतच नाही, कक्षेतून खाली येणारं रॉकेट साधारण साडेसात-आठने आणि तेही तिरपं येतं, म्हणून इतका वेळ दिसतं. किती वेळ दिसलं, कुठून कुठे गेलं एवढं जरी तुमच्या माणसाने गावात चार जणांना विचारलं असतं तरी पुरे होतं.

मला राग याचा की मावशी त्यानंतर महिनाभर अंगणात झोपली नाही. चंद्रपूरचा एप्रिल, घरात नुसती भट्टी, तरी आतच. काहीतरी अशुभ आहे हे तिच्या मनातून काढायला मला किती दिवस लागले. आणि काल तिचा फोन, ‘बघ, पेपरातच छापलंय, कोणालाच कळलं नाही म्हणून.’ आता मी काय सांगू तिला? ती माझ्यापेक्षा तुमच्यावर जास्त विश्वास ठेवते, तीस वर्षांची वाचक आहे तुमची.

खुलासा छापा, आणि पुरवणीच्या पहिल्या पानावर छापा, आतल्या कोपऱ्यात नको. आणि हो, तिच्याकडे पेपर हल्ली दुपारी बारानंतर येतो, तेही बघा प्लीज.

आपला,
एक वाचक, चंद्रपूर