प्लास्टिकची पिशवी गाडीतच अडवा, मावशीच्या पाटीपर्यंत कशाला येऊ देताय?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

युरोपच्या कार्बन टॅक्सवर (माल बनवताना किती कार्बन बाहेर पडला त्यावरून आयात मालावर लागणारा कर) आपल्या पेपरात बातम्या येत असतात, त्या यायलाच पाहिजेत, कारण १ जानेवारी २०२६ पासून त्याचा पक्का टप्पा आहे आणि लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खत यांच्याबरोबर नट-बोल्ट आणि पाइप फिटिंगसुद्धा त्या यादीत आहेत, त्यामुळं आपल्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत सगळ्यांना त्याची काळजी आहे. पण पर्यावरण आणि व्यापार हे दोन शब्द एकत्र आले की आपली नजर फक्त युरोपकडंच जाते. मी एक्स्पोर्टची कागदपत्रं बघायचं काम करतो, आमचा माल म्हणजे साखर कारखान्याचे स्पेअर पार्ट, तो बराचसा पूर्व आफ्रिकेत जातो, आणि तिकडचे नियम वाचता वाचता मला एक गोष्ट लई प्रकर्षानं जाणवली, की या विषयात आपण आफ्रिकेकडून शिकायला पाहिजे आणि आपण तिकडं बघतच नाही.

केनियाचंच घ्या. २८ ऑगस्ट २०१७ पासून तिथं प्लास्टिकच्या कॅरीबॅग बंद. बनवायच्या नाहीत, आयात करायच्या नाहीत, विकायच्या नाहीत, वापरायच्याही नाहीत. शिक्षा किती तर ४० लाख केनियन शिलिंगपर्यंत दंड किंवा ४ वर्षांपर्यंत जेल. विमानतळावर उतरणाऱ्याच्या हातात ड्यूटी फ्रीची पिशवी असेल तर ती तिथंच काढून ठेवायची, मग बाहेर पडायचं. कारखान्यातून माल पॅक होऊन येतो त्या आतल्या प्लास्टिकला सूट दिली, कारण ती काढली तर धंदाच थांबेल, म्हणजे नियम कडक आहे पण आंधळा नाही. आणि हे पहिल्या फटक्यात जमलेलं नाही बरं का. त्याआधी २००७ आणि २०११ ला त्यांनी प्रयत्न केले होते, दोन्ही वेळा पिशवीची जाडी ठरवली, अमुक मायक्रॉनच्या खाली बंद, वर चालू, आणि दोन्ही वेळा ते बारगळलं. मग तिसऱ्यांदा मायक्रॉनची भानगडच काढून टाकली.

आता आपल्याकडं बघा. राज्याची प्लास्टिकबंदी २०१८ ची, जूनमध्ये अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा काय तो गाजावाजा. देशपातळीवर पिशवीची कमीत कमी जाडी ५० मायक्रॉनवरून सप्टेंबर २०२१ ला ७५ झाले, डिसेंबर २०२२ च्या शेवटी १२० झाले. कपिलतीर्थ मंडईत कोथिंबिरीची पेंडी विकणाऱ्या मावशीकडं मायक्रॉन मोजायचं यंत्र असतंय का? तिच्याकडची पिशवी कधी हातात घेऊन बघा, नियमानं त्याच्यावर बनवणाऱ्याचं नाव, नोंदणी नंबर, जाडी छापलेली पाहिजे, बहुतेक पिशव्यांवर काहीच नसतं, पांढरी नाहीतर काळी कोरी पिशवी, हातात धरली की सळसळ वाजते आणि दोन किलो बटाटे घातले की कान तुटतात. ती पिशवी कुठल्या कारखान्यात तयार झाली हे मावशीला माहीत नाही, तिला होलसेलवाला किलोवर देतो. पण पथक आलं की पावती कुणाची फाटते? तिचीच. पहिल्या वेळेला ५००० रुपये. तिची तेवढी कमाई व्हायला किती दिवस लागतात याचा कुणीतरी विचार करा की.

काही जण म्हणतील, केनियाला बॉर्डर आहे, कस्टम आहे, महाराष्ट्राला कुठंय कस्टम, जीएसटी आल्यावर तर उरलेले जकात नाके पण गेले. बरोबर आहे. पण कागद तर आहे ना! दुसऱ्या राज्यातून ५० हजाराच्या वरचा माल निघाला की ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद लागतो, त्यावर मालाचा एचएसएन कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा नंबर असतो, आणि प्लास्टिकच्या पिशव्या ३९२३ मध्ये येतात. म्हणजे गाडी कागलकडून येऊ दे नाहीतर पुण्याकडून, कायदेशीर निघाली असेल तर आत काय आहे हे सरकारच्या कॉम्प्युटरवर तिच्याआधी पोचलेलं असतं, आणि कागदाशिवाय आली असेल तर ती अडवायला तेवढंच कारण पुरे आहे. ३९२३ मधला सगळा माल काय बेकायदा नाही, पण कुठली गाडी उघडून बघायची हे तर कळतंय. आमच्या कागदात एक आकडा चुकला तर कंटेनर बंदरात अडकून पडतो, मग पिशव्यांच्या बाबतीत हाच कागद का बघितला जात नाही? माझं म्हणणं एवढंच आहे की अडवायचं असेल तर कारखान्याच्या दारात आणि गाडीत अडवा, जसं आफ्रिकेतले देश बंदरावर अडवतात.

हे फक्त पिशव्यांपुरतं नाही. घानानं जुने, वापरलेले फ्रिज आयात करायला बंदी घातली, नियम २००८ चा आणि प्रत्यक्षात २०१३ पासून. युरोपात मोडीत निघालेले फ्रिज स्वस्तात घानाच्या राजधानीत, अक्राला यायचे, ते वीज खाणार, त्यातला गॅस ओझोनचा थर खाणार आणि दोन-चार वर्षांत भंगारात जाणार. गरीब घराला स्वस्त फ्रिज मिळत होता हे खरंय, त्यामुळं बंदी सोपी नव्हती, तरी केली.

आणि याच्या मागं जुनी जखम आहे. १९८८ साली नायजेरियात कोको नावाच्या छोट्या बंदरात इटलीहून विषारी कचऱ्याचे हजारो ड्रम आणून टाकले होते, एका माणसाच्या आवारात, महिना १०० डॉलर भाड्यानं! त्या माणसाला आत काय आहे हे पण माहीत नव्हतं. जगानं १९८९ ला बाझल करार केला, पण त्यात घातक कचऱ्याच्या निर्यातीला सरळ बंदी नव्हती, म्हणून आफ्रिकेतल्या देशांनी १९९१ ला मालीतल्या बामाको इथं स्वतःचा वेगळा करार केला, की घातक कचरा आमच्या खंडात आणायचाच नाही. ज्यांना आपण मागासलेले म्हणतो त्यांनी हे केलेलं आहे.

याची किंमत पण मोजावी लागते. रवांडानं २०१६ ला जुन्या कपड्यांवरची ड्यूटी किलोला २० सेंटवरून अडीच डॉलर केली. मुख्य हेतू स्वतःचा कापड धंदा उभा करायचा हा होता, पण श्रीमंत देशांनी टाकून दिलेल्या कपड्यांचा ढीग आपल्या दारात नको हेही त्यात होतंच. अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांनी तक्रार केली, शेजारचे देश मागं हटले, रवांडा हटला नाही, तर २०१८ ला अमेरिकेनं त्याच्या कपड्यांना मिळणारी ड्यूटी फ्री सवलत काढून घेतली. केनियाचं पण तेच, २०२० ला अमेरिकेशी व्यापार कराराची बोलणी चालू होती तेव्हा तिकडच्या केमिकल कंपन्यांच्या संघटनेनं आपल्या सरकारला पत्र लिहिलं, त्यात केनियाच्या प्लास्टिकवरच्या निर्बंधांचा मुद्दा होता. युरोपनं नियम केला की ते हवामानासाठी, आणि केनिया-रवांडानं केला की तो व्यापारातला अडथळा, हे मला अजिबात पटत नाही. उद्या आपल्याच देशातल्या एखाद्या मालाला आफ्रिकेतल्या कुठल्या देशानं पर्यावरणाच्या कारणानं अडवलं तर आपण पण अशीच ओरड करू नये, मी त्याच बाजारात माल पाठवणाऱ्या कंपनीत काम करतो तरी हे म्हणतोय.

केनियात सगळं आलबेल आहे असं नाही, शेजारच्या देशांतून पिशव्या चोरून येतातच. पण त्या भागातले बाकीचे देश पण याच वाटेवर आहेत, रवांडात २००८ पासूनच बंदी होती, शेजारच्या टांझानियानं १ जून २०१९ पासून केली. आपल्याकडं मात्र २०१९ आणि २०२१ चे महापूर येऊन गेले तरी जयंती नाल्यात आजही पिशव्यांचा थर दिसतो, आणि तो सगळा पुढं पंचगंगेत.

तर साहेब, आपल्याला एक विनंती आहे. मंडईत किती दंड वसूल झाला याची बातमी नेहमी येते. २०१८ पासून आपल्या जिल्ह्यात पिशव्या बनवणारे किती कारखाने सील झाले आणि पिशव्यांच्या किती गाड्या रस्त्यात अडवल्या, हे माहितीच्या अधिकारात मागवून एकदा छापा. अर्ज मी लिहून देतो, फी पण भरतो.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर