तिसऱ्या दोनशे मीटरबद्दल

ता. माण, जि. सातारा
सोमवार, रात्री

चि. स्नेहल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मोबाइल पोलीस भरतीच्या अकॅडमीत जमा, तो थेट पुढच्या रविवारी हातात येणार. तोवर दम निघेना म्हणून लिहायला बसलो. संपत उद्या सकाळच्या एसटीनं साताऱ्याला निघालाय, त्याच्याजवळ ही चिठ्ठी आणि डिंकाचे लाडू देतोय. लाडू मोजून तीस आहेत. खोलीतल्या पोरींना वाट, पण सगळे नको.

काल फोनवर तू म्हणालीस, "आण्णा, माझी कपॅसिटीच साडेतीन मिनिटांची आहे. मला लहानपणापासून धाप लागते ना." पुढं लगेच आंघोळीच्या गरम पाण्याचं बोलायला लागलीस. तुझ्या आईचं लक्षही गेलं नाही. मला मात्र रात्री झोप लागली नाही.

गेल्या महिन्यात तिकडं आली होती तेव्हा आईनं तुझ्या ८०० मीटरचा व्हिडिओ काढला होता. तो आज गिरणी बंद केल्यावर मी आणि धाकट्यानं दहा-बारा वेळा बघितला. मैदानावर शंभर-शंभर मीटरला झेंड्या आहेत, त्यामुळं मोजायला सोपं गेलं. पहिला राउंड, म्हणजे चारशे मीटर, १ मिनिट ३६ सेकंदांत. त्यानंतरच्या तीनशे मीटरला दीड मिनिट, म्हणजे दर शंभराला ३० सेकंद. तिथं तू दोनदा मनगटावरचं घड्याळ बघतेस. आणि शेवटचे शंभर मीटर? २० सेकंद! दोन पोरींना मागं टाकून आलीस. एकूण ३ मिनिटं २६ सेकंद.

आता मला सांग, सातशे मीटरवर जिचा जीव संपला होता, तिच्यात हे २० सेकंदांचं पळणं आलं कुठून? धान्य संपलं की जातं रिकामं फिरतं, त्यातनं आणखी पायलीभर पीठ पडत नाही. तुझ्यातनं पडलं. म्हणजे आत होतं.

धाकट्यानं यावर मोबाइलवर काहीतरी शोधून वाचून दाखवलं. टिम नोक्स नावाचे दक्षिण आफ्रिकेतले एक प्राध्यापक आहेत. त्यांचं म्हणणं असं की दमणं नुसत्या पायांत नसतं. अजून किती पळायचंय याचा हिशोब मेंदू आधीच करतो आणि काही शिल्लक हातची राखून लगाम ओढतो. शेवट दिसला की लगाम सैल सोडतो. सगळ्या शास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही, वाद चालू आहे. पण मला ऐकताना आमचे वस्ताद आठवले. ते चौथीच्या पुढं शाळेत गेले नव्हते.

मी सोळा-सतरा वर्षांचा असताना तालमीत पाचशे बैठका मारायचो. साडेचारशेला मांड्या लटपटायला लागायच्या आणि पाचशेला मी मातीत बसायचो. त्याच्या आधी वर्षभर माझा आकडा तीनशे होता. तेव्हा लटपट पावणेतीनशेला सुरू व्हायची. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही, वस्तादांच्या आलं. एक दिवस म्हणाले, "तू मोजू नगंस. मोजायला मी हाय." पुढ्यात चिंचोके घेऊन बसले. दर दहा बैठकांना एक चिंचोका इकडचा तिकडं. पन्नास चिंचोके झाले की थांबायचं.

त्या दिवशी मला फार जड गेलं, पण पन्नासावा चिंचोका पडेपर्यंत मी उभा राहिलो. मग ते हसून म्हणाले, "सहाशे वीस झाल्या, पैलवान." मधेमधे ते चिंचोके गुपचूप परत मागं सरकवत होते! मला आनंद व्हायला हवा होता, पण आला राग. फसवलं म्हणून दोन दिवस त्यांच्याशी नीट बोललो नाही. ते एवढंच म्हणाले, "पाचशेला काय द्येव बसलाय व्हय रं?"

गोष्ट इथं संपली असती तर सांगायला बरी वाटली असती. पण दुसऱ्या दिवशी मी स्वतः मोजायला लागलो आणि साडेचारशेला मांड्या पुन्हा लटपटल्या. सहाशे वीस मारलेल्या मांड्या त्याच, तरीही. आकडा मनातनं निघायला पुढं चार महिने गेले. एका दिवसात काही बदलतं असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

आता धाप. पोरी, ती धाप तुझी नाही, माझी आहे. तू सहावीत होतीस. शाळेच्या स्पर्धेत ऊन होतं, सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि तू पळता पळता बसलीस. एवढंच झालं होतं. पण मी घाबरलो. त्यानंतर सरांनी तालुक्याच्या कबड्डीला तुझं नाव घातलं तेव्हा मी शाळेत जाऊन ते काढायला लावलं. म्हणालो, "हिला धाप लागते." कुणा डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. मग आत्याला तेच सांगितलं, मामाला तेच, पाहुण्यांसमोर तेच. तू दाराआड उभी राहून ऐकत असणार. आता तू वीस वर्षांची आहेस आणि माझं वाक्य मला फोनवर परत ऐकवतेस, जशी काही जन्मखूणच आहे. तुझ्या भरतीच्या फॉर्मवर मी सही केली तेव्हाच हे बोलायला हवं होतं. जीभ रेटली नाही. कागदावर जरा सोपं जातंय.

मोहीच्या ललिता बाबरचं तुला सांगायला नको. आपल्याच तालुक्यातली पोरगी २०१६ साली रिओला ऑलिंपिकची फायनल पळाली, तेव्हा गावात पेढे वाटले होते. आज तुला दुसऱ्याचं सांगतो, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं. तोही दुष्काळी भागातला. बारावीनंतर फौजेत गेला, सियाचीनला राहून आला आणि पळण्याकडं वळला तो त्यानंतर. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीत, गोपाल सैनींचा ८ मिनिटं ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम १९८१ पासून तसाच होता. तो आकडा मोडायला ३७ वर्षं लागली. २०१८ मध्ये भुवनेश्वरला अविनाशनं तो मोडला, किती फरकानं? जेमतेम एका सेकंदानं. ८:२९.८०. पुढं तोच आपले विक्रम मोडत गेला. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२०, रौप्यपदक. सोनं ०.०५ सेकंदानं हुकलं. १९९८ पासून तिथली या शर्यतीतली तिन्ही पदकं दर वेळी केनियाच नेत होती. आणि २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१. जुन्या आकड्यापासून जवळजवळ एकवीस सेकंद खाली, सहा वर्षांत.

लोक या गोष्टी सांगताना "मनात आणलं की झालं" म्हणतात. मला ते पटत नाही. त्याच्यामागं फौजेचा खुराक होता, प्रशिक्षक होते, रोजचं पळणं होतं. मी बघतो ते एवढंच, की पहिला घास त्यानं एका सेकंदाचाच घेतला. तुझ्या त्या तीन शंभरांमध्ये ३० च्या जागी २६ सेकंद लागले, तर ३:१४ होतात. पहिल्या राउंडला हात लावायचा नाही, शेवटच्या शंभराला नाही. भरतीच्या पन्नास गुणांच्या मैदानी चाचणीत ८०० मीटरला वीस गुण आहेत. १०० मीटर आणि गोळा यांना पंधरा-पंधराच. बारा सेकंद कुठं पडलेत ते आता तुला माहीत आहे.

आता जे लिहितोय ते दोनदा वाच. कालच्याच फोनवर तू नडगी दुखते म्हणालीस आणि विषय बदललास. माझा गुडघा असाच गेला. शेजारच्या गावच्या जत्रेत पाचशे रुपये इनामाची कुस्ती लागली होती. गुडघा आठ दिवस सुजलेला. वस्तादांना सांगितलं नाही, कारण लोक म्हणतील पैलवान भ्याला. तिसऱ्या मिनिटाला आतून कट् असा आवाज आला आणि माझी कुस्ती संपली. वस्ताद दवाखान्यात आले, खाटेशी बसले, म्हणाले, "मला बी सांगायचं न्हाई व्हय?" आणि उठून गेले. आजही गिरणीचा पट्टा चढवताना तो पाय आधी बोलतो. बैठकांना लटपटणाऱ्या मांड्यांचं मी ऐकत होतो आणि सुजलेल्या गुडघ्याचं ऐकत नव्हतो. असला उलटा कारभार तू करू नकोस.

छातीत जळजळ, पायांत गोळे, तोंडाला कोरड, हे चालायचं. पळणं थांबवलं की थोड्या वेळात ते निवतं. पण नडगीच्या हाडावर एका ठिकाणी बोट दाबल्यावर कळ येत असेल, पळून झाल्यावर किंवा रात्री पडल्यावरही दुखत असेल, तर त्याच दिवशी पळणं बंद आणि हाडाचा डॉक्टर. "नाटक करू नको" असं कुणी म्हणालं तर माझा नंबर दे. एखादी भरती गेली तर पुढची येईल. पैसे संपतजवळ दिलेत.

दुखत नसेल तर दोन गोष्टी करून बघ. घड्याळ पंधरा दिवस काढून ठेव, मैत्रिणीकडं दे. वेळ तिनं वहीत लिहावी, तुला सांगू नये. आणि आठवड्यातून एकदा ८०० ऐवजी १००० मीटर पळ. ८०० च्या रेषेवरनं न थांबता पुढं जायचं. बघ, रेषेच्या आधी पाय तसेच जड होतात का, की जड व्हायची जागा पुढं सरकते. माझ्याकडं चिंचोके नाहीत आणि एवढ्या लांबून तुला फसवताही येत नाही, म्हणून हे तुझं तुलाच करावं लागणार.

इकडं पाऊस नाही. बाजरी टाकायची का थांबायचं, यावर घरात रोज वाद. म्हैस आटली. आईचा निरोप, केस ओले ठेवून झोपू नकोस.

रविवारी फोन करशील तेव्हा तिसऱ्या दोनशे मीटरला काय वाटलं ते सांग. वेळ किती लागली ते सांगू नकोस.

तुझे
आण्णा