भैरवीआधी सुटणारी गाडी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रत्नागिरीत मध्यंतरी एका शनिवारी दिवसभराचा कार्यक्रम झाला. सकाळपासून चित्रे आणि छायाचित्रांचे प्रदर्शन, दुपारनंतर कोकणच्या कातळावर कोरलेल्या प्राचीन चित्रांवर, म्हणजे कातळशिल्पांवर व्याख्यान, रात्री शास्त्रीय गायन. आपल्या दैनिकात ‘रसिकांचा उदंड प्रतिसाद’ अशी बातमी होती आणि ती खरी होती. मी तिथे होतो. मात्र हे रसिक बहुतेक सगळे मारुती मंदिर, नाचणे, कुवारबाव अशा, रिक्षाने घरी जाता येईल अशा भागांतले. लांजा-राजापूरकडून आलेले आम्ही मोजकेच, आणि मैफल जिने संपते त्या भैरवीपर्यंत आमच्यातला कुणी थांबला नाही.

गायन सातला सुरू व्हायचे होते. आधी दीपप्रज्वलन, मग प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, प्रायोजकांचा सत्कार, आणि ज्यांच्या हस्ते सत्कार झाले त्यांचाही सत्कार. तानपुरे जुळले तेव्हा आठ वाजून गेले होते. विलंबित ख्याल कुठे रंगात येतोय तोवर मागच्या रांगांतली माणसे वाकून बाहेर पडू लागली. गाणाऱ्याला काय वाटले असेल देव जाणे! ती माणसे कंटाळून उठत नव्हती, त्यांना स्टँड गाठायचा होता. महामार्गावरच्या गावाला एक वेळ रात्री काहीतरी मिळते. आत वळणाऱ्या गावाला रात्री तिथेच मुक्कामाला थांबणारी वस्तीची गाडी एकच. ती चुकली की सकाळपर्यंत काही नाही. आणि त्या वेळी रिक्षावाला जो आकडा सांगतो तो ऐकून माणूस स्टँडवरच झोपायचा विचार करतो.

रत्नागिरीला आता विद्यापीठाचे शहर म्हणायला हरकत नाही. मुंबई विद्यापीठाचा उपपरिसर इथे आहे, कालिदास संस्कृत विद्यापीठाचे उपकेंद्र आहे, शिरगावला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे आणि १९४५पासूनचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय तर आहेच. या सगळ्यांत शिकणारी कितीतरी मुले रोज खेड्यांतून पास काढून येतात. पहाटे निघून ती सकाळी शहरात पोचतात आणि शहरातली संस्कृती सुरू व्हायच्या वेळी हातखंब्याच्या पुढे गेलेली असतात. तीन-चार वर्षे रत्नागिरीत शिकून एकही मैफल न ऐकलेली पदवीधर मुले आमच्या गावात आहेत. याला त्यांची अनास्था म्हणणारे एक गृहस्थ मला त्याच दिवशी भेटले. त्यांचे घर सभागृहापासून चालत पाच मिनिटांवर.

व्याख्यान खरोखर उत्तम झाले. कोकणातली कातळशिल्पे २०२२मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत गेली. त्यातली आठ स्थळे महाराष्ट्रातली आणि एक गोव्यातले. कशेळी, बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, रुंढेतळी ही राजापूर तालुक्यातली, उक्षी आणि जांभरूण रत्नागिरी तालुक्यातली. पडद्यावर कशेळीचा हत्ती आला आणि त्याच्या पोटात कोरलेले इतर प्राणी वक्त्यांनी एकेक करून दाखवले, तेव्हा सभागृहात पिन पडली असती तरी ऐकू आली असती. पण ज्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, तो हत्ती आहे तिथे गुरे चारणारा माणूस त्या सभागृहात नव्हता. उद्या त्या सड्यावर जांभा काढायला चिऱ्याची खाण निघाली तर पहिल्यांदा ओरडायचे त्यालाच आहे. तेव्हा व्याख्यानाला त्याला बोलवा, नाहीतर व्याख्यान त्याच्या गावातल्या शाळेत न्या. देवाच्या गोठण्याला कातळावर होकायंत्र ठेवले की सुई भलतीकडे वळते. हे तिथेच ठेवून, तिथल्याच मुलांना दाखवायची गोष्ट आहे. वातानुकूलित सभागृहात ती निम्मीच उरते.

माझी सूचना एवढीच की असा दिवस खरोखर दिवसाच साजरा व्हावा. दिवसा पाहण्यासारखे रत्नागिरीत काय कमी आहे? ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजासाठी १९१०मध्ये बांधलेला थिबा राजवाडा आणि त्यातले संग्रहालय, टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मस्थान, मत्स्यालयातला देवमाशाचा सांगाडा, १८२८मध्ये सुरू झालेले नगर वाचनालय. वाचनालयाने त्या दिवशी जुन्या ग्रंथांतले दहा-बारा ग्रंथ काचेखाली मांडून शेजारी एक जाणकार बसवला तरी तेवढ्यासाठी मी लांज्याहून येईन. मत्स्य महाविद्यालयातल्या मुलांनी जाळ्यात येणाऱ्या मासळीबद्दल मिरकरवाड्याच्या बंदरातच बोलावे. तिथे श्रोते त्यांच्यापेक्षा जास्त जाणणारे असतील. सवाल-जवाब तरी होतील!

आणि गाणे सकाळी ठेवा. रात्रीच्याच मैफलींची सवय लागल्यामुळे तोडी, आसावरी हे सकाळचे राग समोर बसून ऐकायचा योग येतच नाही. दुपारचा शुद्ध सारंग तर आम्हाला मोबाइलवरच माहीत. आमच्या वाट्याला संध्याकाळचा यमन येतो, तोही निम्मा. सकाळी दहाला कुणी तोडी घेऊन बसले आणि दुपारी दुसऱ्या कुणी भीमपलास गायला, तर कॉलेजची मुले दोन तासिकांच्या मधल्या सुटीतही येऊन बसतील. जानेवारीत थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कल या संस्थेचा संगीत महोत्सव भरतो, तो मात्र रात्रीच शोभतो. त्या दिव्यांत तो वाडा जसा दिसतो तसा दिवसा दिसत नाही. सगळेच उन्हात आणा असे माझे म्हणणे नाही.

रात्रीचाच कार्यक्रम हवा असेल तर आपल्याकडे त्याचीही रीत आहे. नमन किंवा दशावतार ही आपली लोकनाट्ये; त्यांचा खेळ जेवणे आटोपल्यावर उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. लांबून आलेला माणूस रात्रभर निवांत बसतो आणि पहिल्या गाडीने घरी जातो. शेवटच्या गाडीचा प्रश्नच त्या कलाकारांनी ठेवला नाही. आमची पंचाईत साडेसात ते साडेदहाच्या कार्यक्रमांची आहे. बर्लिनमध्ये १९९७पासून संग्रहालये वर्षातल्या ठरावीक रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवतात, आणि तिथल्या तिकिटातच त्या रात्रीचा बसप्रवास धरलेला असतो. इथे तेवढे नको. आयोजकांनी आगाराशी आधी बोलून लांजा, संगमेश्वर आणि पावस-पूर्णगड या बाजूंना जादा गाडी मागावी. प्रासंगिक करारावर लग्नाच्या वऱ्हाडाला एस.टी. मिळते, तशी रसिकांनाही मिळू शकेल. मंडप, बॅनर आणि शाली यांच्या खर्चात ही रक्कम फार मोठी दिसणार नाही.

वार ठरवताना रविवार टाळावा. शहराला रविवार सोयीचा वाटतो. खेड्यात त्या दिवशी शाळेच्या वेळेच्या फेऱ्या नसतात. महिना डिसेंबरचा बरा. भातझोडणी उरकलेली असते आणि आंब्याची धावपळ पुढे असते.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणी आहे. शहरातल्या कार्यक्रमांच्या रकान्यात आपण स्थळ आणि वेळ छापता. त्याखाली कार्यक्रम किती वाजता संपणार हे आयोजकांकडून लिहून घेऊन छापावे आणि शेजारी त्या दिवशी लांजा, राजापूर, देवरुख, जाकादेवीकडे जाणाऱ्या शेवटच्या गाड्यांच्या वेळा द्याव्यात. दोन ओळींची जागा लागेल.

आपला,
एक वाचक, ता. लांजा, जि. रत्नागिरी