फोनच्या कुलपाची किल्ली कोणाकडे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

स्मार्टफोनमध्ये अधिकृत स्टोअरच्या बाहेरून ॲप टाकण्यावर येऊ घातलेल्या निर्बंधांविषयी जी चर्चा चालू आहे, तीत एक बाजू फसवणुकीचे दाखले देते आणि दुसरी बाजू मालकीहक्काचे. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. फोनमधली एकच परवानगी चोरालाही हवी असते आणि तिच्यावाचून ज्याचे पदोपदी अडते अशा माणसालाही, ही मात्र या चर्चेत सहसा न बोलली जाणारी अडचण. ती मी दोन जवळच्या माणसांच्या बाबतीत पाहिली, म्हणून हे पत्र.

पहिली माझी मावशी. खाते बंद पडणार असल्याची बतावणी करणारा फोन तिला आला, बोलणाऱ्याने एक एपीके फाइल, म्हणजे स्टोअरशिवाय थेट ॲप बसवणारी फाइल, पाठवली आणि फोन ठेवू न देता ती उघडायला लावली. मावशीच्या फोनने आपले काम चोख केले होते. हे ॲप धोकादायक असू शकते, असा इशारा पडद्यावर आला. पण आता एक सूचना येईल, घाबरू नका, खालचे बटण दाबा, असे त्या माणसाने तिला आधीच पढवून ठेवले होते. तिने दाबले. मग त्या ॲपने ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचण्याची आणि मालकाच्या वतीने बटणे दाबण्याची मुभा. तेवढ्यात मावसभाऊ खोलीत आला, म्हणून पुढचे टळले.

दुसरे माझे एक सहकारी. ते जन्मांध आहेत आणि पडदा वाचून दाखवणारे ॲप त्यांना नेमकी हीच परवानगी देऊन वापरावे लागते. त्यांच्या पसंतीचे ॲप एका विकासकाने हौसेने लिहिलेले असून ते त्याच्या संकेतस्थळावरून थेट उतरवावे लागते. २०२२ साली आलेल्या अँड्रॉइड १३ पासून अशा ॲपसमोरचे परवानगीचे बटण राखाडी पडते, आणि ते दाबले की सुरक्षेच्या कारणास्तव हे सेटिंग उपलब्ध नाही, असे उत्तर मिळते. ते मोकळे करण्याची सोय आहे, नाही असे नाही. ॲपच्या माहितीच्या पानावर वरच्या कोपऱ्यात तीन ठिपके असतात, त्यांच्या आड ती दडलेली आहे. मात्र एकदा बटण दाबून नकार पदरात पडल्याशिवाय तो पर्याय दिसतच नाही. मी डोळस असूनही मला तो सापडायला अर्धा तास लागला. चोरांना मात्र या नकारापुढे फार काळ अडून राहावे लागले नाही. अधिकृत स्टोअर ज्या पद्धतीने फोनमध्ये ॲप बसवतात तीच पद्धत वापरून हा अडसर ओलांडणारी ॲप २०२३ सालीच आढळली होती.

ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने याच्या पुढचे पाऊल जाहीर केले. ज्या विकासकाने आपली ओळख कंपनीकडे नोंदवून पडताळून घेतली असेल, त्याचेच ॲप प्रमाणित, म्हणजे गूगलची मान्यता असलेल्या, अँड्रॉइड फोनवर बसेल. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, आणि इतरत्र २०२७ पासून. याचा फायदा मी नाकारत नाही. पकडले गेलेले ॲप दुसऱ्या नावाने लगेच पुन्हा सोडणे त्यामुळे चोराला जड जाईल. पण माझ्या सहकाऱ्यांच्या त्या हौशी विकासकाने आपले नाव-गाव एका कंपनीकडे का नोंदवावे, तेही कंपनीच्या स्टोअरशी काही संबंध नसताना, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. मुक्त स्रोत, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो अशा, ॲपचे भांडार चालवणाऱ्या एफ-ड्रॉइडने हाच आक्षेप घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गूगलने जाणकार वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवण्याचे आणि दडपणाखालच्या माणसाला त्या वाटेने ढकलता येऊ नये अशी तिची रचना करण्याचे मान्य केले.

माझ्या मते सगळे या वाटेच्या रचनेवर अवलंबून आहे. मावशीला फसवणाऱ्याचे सारे बळ फोन चालू ठेवण्यात होते. निर्बंध काढण्याची विनंती केल्यावर ती अमलात यायला एक दिवस जाऊ द्यावा लागला असता, तर रात्रीत कोणाशी तरी बोलणे झालेच असते. माझे सहकारी मात्र हा एक दिवस खुशाल थांबतील. इशाऱ्याचा आणखी एक पडदा वाढवून जे साधत नाही ते वेळेने साधते, आणि त्यासाठी कोणाची ओळख मागावी लागत नाही.

कडक निर्बंध आणि मालकाचा अधिकार एकत्र नांदू शकतात, हे ॲपलच्या लॉकडाउन मोडने २०२२ सालीच दाखवले. फोनच्या अनेक सोयी तो मोड बंद करून टाकतो, पण तो लावायचा की काढायचा हे फोनधारक ठरवतो. याच ॲपलने २००८ पासून आयफोनवर ॲपसाठी आपल्या स्टोअरचा एकच दरवाजा ठेवला. युरोपीय संघाच्या कायद्यामुळे मार्च २०२४ मध्ये तिथे दुसरे दरवाजे उघडले, ते तेव्हा तिथल्यापुरतेच होते. यंत्र तेच असताना एका सीमेअलीकडे जे चालते ते पलीकडे असुरक्षित कसे ठरते, हे कंपनीनेच सांगावे. शिवाय दरवाजा एकच असला की सरकारचेही काम सोपे होते. २०१७ साली चीनमध्ये ॲप स्टोअरवरून व्हीपीएन ॲप, म्हणजे इंटरनेटवरची सरकारी बंधने ओलांडू देणारी ॲप, काढली गेली, तेव्हा तिथल्या सामान्य आयफोनधारकाला ती मिळवण्याची दुसरी सरळ वाट उरली नव्हती.

शेवटचा मुद्दा जुन्या फोनचा. निर्मात्याने सुरक्षा अपडेट थांबवल्यावर बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना प्रणाली सुरू करणारा भाग, उघडून दुसरी, ताजी दुरुस्ती मिळणारी प्रणाली टाकणे, हा तो फोन सुरक्षित ठेवण्याचा अनेकदा एकमेव मार्ग उरतो. पण असा फोन दिसला की बँकांची कित्येक ॲप चालायलाच नकार देतात, आणि वर्षानुवर्षे अपडेट न मिळालेला, भोके तशीच राहिलेला मूळ प्रणालीचा फोन मात्र बिनबोभाट स्वीकारतात. फोनची शेवटची सुरक्षा दुरुस्ती कोणत्या महिन्याची आहे, हे ॲपला तपासता येते. बँकांनी निदान ती तारीख तरी पाहायला सुरुवात करावी.

आपली विश्वासू,
एक वाचक